मेजावरचा मल्लखांब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शंकर नगर, रायपूर येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे संस्थेच्या पन्नास वर्षांचा धावता आढावा घ्यावा, दिवंगत कार्यकर्त्यांचे स्मरण करावे आणि तरुण पिढीस उपदेशाचे चार शब्द सांगावेत, असा संकेत आहे. आमच्या आधी बोललेल्या मान्यवरांनी ही तिन्ही कामे उत्तम रीतीने पार पाडली असल्यामुळे आमच्या वाट्यास एक लहानसा विषय उरला आहे. तो या मेजावर ठेवलेला आपणांस दिसत असेल. मागच्या रांगेतील मंडळींना ते पोळपाटावर उभे केलेले लाटणे वाटेल, आणि त्यांचा समज अगदीच चुकीचा नाही. पहिल्या प्रयोगाच्या वेळी पोळपाट आमच्याच स्वयंपाकघरातून नाहीसा झाला होता व त्याबद्दलची तक्रार घरात अद्याप निकालात निघालेली नाही. ही वस्तू म्हणजे मेजावर खेळावयाचा मल्लखांब होय. तो कसा तयार झाला, त्यात आमचे काय चुकले आणि त्यातून आज आपणांपुढे आम्ही कोणती मागणी ठेवीत आहोत, एवढेच सांगावयाचे आहे.

आपल्या पटांगणाच्या कोपऱ्यात, कडुलिंबापाशी, एक खरा मल्लखांब उभा होता, हे येथील पुष्कळांना आठवत असेल. वऱ्हाडातून पोटापाण्यासाठी इकडे आलेले एक गृहस्थ कारखान्यातील पाळी संपवून सायंकाळी तेथे येत आणि मुलांना शिकवीत. त्यांचे नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही. सारे मंडळ त्यांना वस्ताद म्हणते आणि आजही ते पहिल्या रांगेत बसले आहेत. बारा-पंधरा वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात तो खांब कलला. उकरून पाहता जमिनीतील भाग वाळवीने पोखरलेला निघाला. खांब काढला, खड्डा बुजवला आणि दुसऱ्याच आठवड्यापासून तेथे दुचाकी उभ्या राहू लागल्या. त्याच सुमारास वस्तादांचे दोन्ही गुडघे निकामी झाले. एकाच वर्षी खांबही गेला आणि शिकवणाराही खुर्चीला खिळला. नवा खांब पुरावा असे कोणी म्हटले नाही, कारण मग शिकवणार कोण, हा प्रश्न पुढे उभा होता.

आम्ही येथे बदलून आलो ते त्यानंतर. आमची आयुष्यभराची नोकरी केंद्र सरकारची; शिक्षण कलाशाखेचे; यंत्रशास्त्राशी संबंध नाही आणि व्यायामाशी त्याहून नाही. बाकावर चढून पंख्याची जळमटे काढणे यापलीकडे आम्ही कधी उंची गाठलेली नाही. मंडळाच्या रविवारच्या बालवर्गाची जबाबदारी मात्र आमच्याकडे आली. आठ ते चौदा वर्षांची पंधरा-सोळा मुले. घरी आईशी मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी आणि कामाला येणाऱ्या मावशींशी अस्खलित छत्तीसगढी. त्यांना आम्ही एकदा मल्लखांबाची माहिती सांगितली, भ्रमणध्वनीवर चित्रफीतही दाखविली. मुलांनी ती पाहिली आणि पुढच्या रविवारी विसरली. मागे बसलेले वस्ताद त्या दिवशी एक अक्षरही न बोलता उठून गेले. ही गोष्ट आम्हांस लागली, आणि मल्लखांबाचा एखादा बैठा खेळ करावा असे मनाने घेतले.

आमचा पहिला प्रयत्न सरकारी पद्धतीचा होता. पुठ्ठ्यावर खांबाचे चित्र काढले, त्यावर शंभर घरे पाडली, फासा घेतला. सहा पडले की सहा घरे वर. तेल लागले की चार घरे खाली. सोबत नियमांचे टिपण होते. केंद्र सरकारचा माणूस नियम करावयास बसला की त्यांची संख्या किती होते, हे आपण जाणता. ते बेचाळीस झाले. मुले दोन डाव खेळली आणि पांगली. वस्तादांनी पुठ्ठा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, इथं फासा पडते. मल्लखांबावरून मानूस पडते."

या एका वाक्याने आमच्या बेचाळीस नियमांचा निकाल लावला. बैठ्या खेळांचा आम्ही तेव्हापासून थोडा विचार केला. सापशिडीत दैव खेळते, बुद्धिबळात बुद्धी खेळते, आणि सागरगोटे व कॅरम यांत हात खेळतो. मल्लखांब ही शरीराची विद्या आहे. तिला मेजावर आणावयाचे तर ती तिसऱ्या घरातच आली पाहिजे. पडण्याची भीती खरी असली पाहिजे. मग पडणारी आकृती वीतभर उंचीची असली तरी हरकत नाही.

असे खेळ जगात इतरांनीही केले आहेत. आलेहांद्रो फिनिस्तेर्रे हा स्पॅनिश कवी यादवी युद्धातील बाँबहल्ल्यात जखमी होऊन रुग्णालयात पडला असता, हातपाय गमावलेल्या आणि चेंडू खेळू न शकणाऱ्या मुलांसाठी त्याने दांड्यांवर खेळाडू बसवून मेजावरचा फुटबॉल केला, असे तो सांगत असे. इंग्लंडात त्याच्याही आधी तशा खेळाचे पेटंट घेतले गेले होते. पण मुलांसाठी केल्याची ही हकीकत आम्हांस मोलाची वाटते. दुसरे उदाहरण जेंगा या खेळाचे. लेस्ली स्कॉट या बाईंचे इंग्रज कुटुंब आफ्रिकेत राहत असे. घाना देशात असताना तेथील लाकडाच्या वखारीतून आणलेल्या ठोकळ्यांचा मनोरा रचून त्यांच्या घरात एक खेळ सुरू झाला. १९८३ साली त्यांनी तो लंडनच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात मांडला, आणि त्याला नाव दिले ते स्वाहिली भाषेतील 'बांधणे' या अर्थाच्या शब्दावरून. परमुलखात राहणाऱ्या कुटुंबाने तेथील लाकूड घ्यावे, तेथील शब्द घ्यावा आणि घरचा खेळ करावा, ही गोष्ट आपणां परप्रांतीयांना विचार करण्याजोगी आहे.

आम्ही वस्तादांकडे गेलो आणि सरळ विचारले, की मल्लखांबाचे मर्म कोणते? ताकद की तोल? त्यांनी दोन्हींना मान हलवून नकार दिला. म्हणाले, "पकड बदलनं. अढीत दहा मिनिटं बसनारे लय पाहिले. अढीतून बगलीत जातानी भुईले पाय लागू देत नाही, तो खरा." आणि कसे जावयाचे? "आधी नवी धरा, मंग जुनी सोडा. उलटं केलं का खाली."

खेळ येथे सापडला. आता तो घडवावयाचा होता. खरा खांब जमिनीवर सुमारे साडेआठ फूट असतो. खाली जाड, वर निमुळता, त्यावर मान आणि मानेवर बोंड. आम्ही त्याचा सहावा हिस्सा धरला, म्हणजे सतरा इंच. शहरातील एका कातारी मिस्त्रींनी सागवानाचा तुकडा चरकावर चढवून तो कातून दिला. खांबावर चढणारा गडी तांब्याच्या मऊ तारेचा केला. त्याला दोन हात, दोन पाय आणि डोक्याच्या जागी लाकडी मणी. ही तार बोटांनी वाकते, पण वाकविल्यावर तशीच राहते.

पहिले गडी सारेच घसरले. खांबाला जितके घट्ट गुंडाळावे तितके ते सरळ खाली येत. मग आम्ही तारेचे एक सैलसर कडे खांबात घातले, त्याला बाजूने लांब हात काढला आणि त्या हातावर मणी ओवला. मणी खांबाजवळ असला की कडे घसरे. टोकाकडे सरकविला की ते तिरपे होऊन वर एका बाजूने व खाली दुसऱ्या बाजूने खांबाला चिमटून बसे. जड मणी घेऊन पाहिला, हलका घेऊन पाहिला, फरक पडेना. भार किती आहे याला महत्त्व नव्हते, तो खांबापासून किती दूर आहे याला होते. ही नवलाई सांगावयास आम्ही धावत वस्तादांकडे गेलो. त्यांना तीत नवल काहीच वाटले नाही. "नवा पोरगा भिऊन खांबाले मिठी मारते अन् घसरते. आंग बाहेर टाकते तो टिकते. हे सांगता सांगता माही उमर गेली."

एक अडचण राहिली. बंद कडे खाली जाड बुंध्याशी येऊन अडके, आणि मग कोणीच पडेना. न पडणारा मल्लखांब काय कामाचा? म्हणून कडे मोडून उघडे केले, घोड्याच्या नालासारखे. खांबावर एरंडेलाचा एक थेंब चोळून फडक्याने पुसला. खऱ्या खांबालाही एरंडेलच लावतात. आता गडी टिकतही होता आणि पडतही होता.

बेचाळीस नियमांचे अखेर पाच राहिले. गड्याला एका हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने हाताळावयाचे. प्रारंभी सलामी. नंतर चिठ्ठी काढावयाची आणि तीवर असेल ती पकड घ्यावयाची: साधी अढी म्हणजे पायांची पकड, बगली म्हणजे काखेतली, पताका म्हणजे निशाणासारखे आडवे ताणलेले अंग. एका पकडीतून दुसरीत जाताना गडी पाटाला टेकला की बाद. आणि पाचवा नियम असा, की हे सारे प्रतिस्पर्ध्याने तीस आकडे मोजून होईपर्यंत झाले पाहिजे, मोजणी मराठीत, मोजणारा चुकला किंवा हिंदीत घसरला तर त्याने पुन्हा एकपासून मोजावयाचे.

हा पाचवा नियम आम्हांस सर्वांत प्रिय होता. आपल्या मुलांना एकोणीस आणि एकोणतीस या दोन आकड्यांशी नेहमी अडखळावयास होते. ओठांवर 'उन्नीस' आणि 'उनतीस' येते. मोजणी चुकली की प्रतिस्पर्ध्याला जास्त वेळ मिळतो, म्हणून मुले घरून आकडे पाठ करून येऊ लागली. मराठी शिकविण्याची नामी युक्ती साधली, अशा समाधानात आम्ही होतो.

बालवर्गात आमच्या मुलांबरोबर शेजारच्या एका छत्तीसगढी घरातील दहा-अकरा वर्षांची मुलगी येत असे. तिची बोटे विलक्षण. तार वाकविताना ती गड्याकडे न पाहता खांबाच्या बोंडाकडे पाही. कारण विचारले तर म्हणाली, हरेलीला गावी गेडीवर चालतो तेव्हा पायांकडे पाहिले की पडतो. हरेली म्हणजे आपली दिव्यांची अवस. त्या दिवशी इकडील खेड्यांतून मुले बांबूच्या उंच गेडीवर पाय ठेवून चिखलातून चालतात. तोल ही तिची घरची विद्या होती. तरीही ती प्रत्येक डाव हरे. तिचा स्वतःचा गडी कधी पडला नाही. पण मोजण्याची पाळी आली की एकोणिसाशी अडे, पुन्हा एकपासून मोजी, पुन्हा अडे, आणि समोरचा तोवर आरामात पकड बदलून बसे. तीन रविवार ती हरली. चौथ्या रविवारी आली नाही.

त्या दिवशी मुलांनी खेळ मांडला आणि अर्ध्या तासात आवरला. एका मुलाने आम्हांस विचारले, "काका, तिला हरवायला हा नियम केला आहे का?" आम्ही नाही म्हणालो. परंतु घरी जाताना आमच्या ध्यानात आले, की नियम कशासाठी केला हे सांगून भागत नाही. नियमाने काय घडले तेच त्याचे उत्तर असते. पस्तीस वर्षांच्या नोकरीत हे आम्ही इतरांच्या परिपत्रकांविषयी अनेकदा मनात म्हटले होते. स्वतःच्या परिपत्रकाविषयी म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

पाचवा नियम बदलला. मोजणी कोणत्याही भाषेत करावी. ज्या भाषेत सुरू केली तीत पुरी करावी. एका मुलाने जाऊन तिला निरोप दिला आणि ती आली. आता मोजणी बहुधा हिंदीत होते, हे आपणांपासून लपविण्याचे कारण नाही. आमची ती नामी युक्ती गेली. पण अढीला, तेढीला, बगलीला दुसरा शब्द कोणी शोधला नाही, तिनेही नाही. 'मेरी अढी छूट गई' असे ती म्हणते, आणि आमची मुले तिच्याकडून गेडीचा तोल शिकतात. आम्ही भाषेला मिठी मारून बसलो होतो. वस्ताद म्हणत होते तसेच घडले, घसरलो.

मल्लखांबाचा इतिहासही याहून वेगळे सांगत नाही. मल्लांनी खांबावर करावयाच्या श्रमाचा, स्तंभश्रमाचा, उल्लेख बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात येतो. आज आपण ज्याला मल्लखांब म्हणतो त्याचे श्रेय परंपरा दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांना देते. वणीच्या सप्तशृंगीवर त्यांना ही विद्या स्फुरली, अशी आख्यायिका आहे. १८१८ साली पेशवाई गेली आणि बाजीराव गंगेकाठी ब्रह्मावर्तास गेले. मल्लखांबही तिकडे गेला. राज्य, वाडे, मुलूख मागे राहिले. ही विद्या बरोबर नेता आली, कारण ती अंगात होती. पुढे तिचे आखाडे काशीत झाले, बडोद्यास झाले. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेले आणि तेथील लोकांना त्याने आपले देशी खेळ दाखविले. १९८१ साली भारतीय मल्लखांब महासंघाची स्थापना झाली. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली.

आणि आता आपल्या घराजवळचे पाहा. आपल्याच छत्तीसगढातील नारायणपूरच्या अबूझमाड मल्लखांब अकादमीच्या आदिवासी मुलांनी २०२३ साली 'इंडियाज गॉट टॅलेंट' ही दूरचित्रवाणीवरील देशव्यापी स्पर्धा जिंकली. महाराष्ट्रातून निघालेली विद्या बस्तरच्या अरण्यातील मुलांच्या अंगात उतरली, आणि आपण, तिचे वारस म्हणविणारे, राजधानीच्या शहरात बसून तिची चित्रफीत मुलांना दाखवीत होतो. यात खेद करावा की आनंद, असा प्रश्न आम्हांस पडला होता. वस्तादांना पडला नाही. बातमी कळली तेव्हा त्यांनी खुर्चीतून उठण्याचा प्रयत्न केला होता, एवढे आम्ही पाहिले.

आता मुद्द्याची गोष्ट. हा खेळ चांगला झाला, असे पुष्कळजण म्हणतात. स्नेहसंमेलनात त्याचे सामने झाले, इतर मंडळांतून विचारणा आली. आमच्या कन्येने परगावाहून कळविले, की तिच्या मुलांना एक संच पाठवावा. या साऱ्यामुळे एक धोका निर्माण झाला आहे आणि तो आम्हीच निर्माण केला असल्यामुळे सांगणे आमचे कर्तव्य आहे. मंडळाच्या नव्या वास्तूच्या आराखड्यात कडुलिंबाजवळचा तो कोपरा फरशी घालून वाहनतळास दिलेला आहे. त्यावर बैठकीत चर्चा निघाली असता एका सभासदांनी सद्भावनेने म्हटले, की मल्लखांब तर आता मेजावर आलाच आहे; मग जागा कशास अडवावी?

बंधूंनो, मेजावरचा मल्लखांब हा मल्लखांब नव्हे. त्यात तळहाताची साल निघत नाही, मांडीला तेल लागत नाही, वर चढून खाली पाहिल्यावर पोटात गोळा उठत नाही. तारेचा गडी पडला तर मुले हसतात. मुलगा पडला तर वस्ताद धावत, आणि धावता येईनासे झाले तेव्हा त्यांनी शिकविणे थांबविले. ते स्वतः या खेळाविषयी काय म्हणतात, हे आम्ही त्यांच्या परवानगीने सांगतो. ते दर रविवारी येतात, मुलांच्या गड्यांचे पाय नीट वाकवून देतात, कोणाची अढी सैल आहे ते दुरून ओळखतात. आणि जाताना न चुकता विचारतात, "साहेब, खांब कधी पुरता?"

आम्ही उत्तर देत नसू. गेल्या महिन्यात मात्र बालवर्गातील सहा मुलांनी आम्हांस एक अर्ज दिला. अर्ज कसा लिहावा हे आम्हीच त्यांना शिकविले होते, त्यामुळे तक्रारीस जागा नाही. त्यात दोन ओळी आहेत: आम्हांला खरा मल्लखांब करावयाचा आहे; वस्तादांनी खुर्चीवर बसून शिकवावे. खाली सहा सह्या आहेत. त्यांतील एक सही गेडीवर चालणाऱ्या त्या मुलीची आहे. खुर्चीवर बसून शिकविण्यात काही उणे राहील, हे खरे. पडणाऱ्याला सावरण्यास एखादा धडधाकट तरुण लागेल. मंडळात असे दोघे तयार आहेत. खांबाखालची माती दर आठवड्यास उकरून मऊ ठेवावी लागेल. ते काम आम्ही करू. पुरावयाच्या भागास यावेळी डांबर लावू, म्हणजे वाळवीस पूर्वीइतके सोपे जाणार नाही. लाकडाचा खर्च आमच्याकडे लागला, व एरंडेलाचाही.

मंडळाकडे आमचे मागणे एवढेच, की आराखड्यातील त्या कोपऱ्यातून बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद एवढी जागा फरशीवाचून राहू द्यावी. तितक्यात सात-आठ दुचाकी उभ्या राहतात, हे आम्ही स्वतः मोजून पाहिले आहे. त्या कुठे उभ्या कराव्यात याचा पर्यायी आराखडा आम्ही सोबत जोडला आहे. त्यास परिशिष्टेही आहेत, पण ती वाचून दाखविणार नाही.

हा मेजावरचा खेळ आम्ही आज मंडळास अर्पण करीत आहोत. त्याच्या पेटीत मुलांचा अर्ज ठेवला आहे. खेळ काढून घेण्यापूर्वी तो वाचावा आणि कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत त्याचा निर्णय द्यावा, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.